माटवीखालची जागा

फुलाच्या खालच्या पाकळीवर पिवळा ठिपका होता आणि ठिपक्याच्या कडेनं अकरा केस. दहापटीच्या भिंगातून मी ते तीनदा मोजले. तिन्ही वेळा अकराच आले. फुलाची रुंदी चार मिलिमीटर, देठ सहा सेंटिमीटर उंच, देठावर एका वेळी एकच फूल उमललेलं. भाद्रपदात कोकणातल्या कातळसड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, सीतेची आसवं नावाची जांभळी फुलं पसरतात, त्यांच्या कुळातलंच हे. पण त्या कुळातल्या, मला ठाऊक असलेल्या कुठल्याच फुलाला असे केस नव्हते. मी पालथी पडले होते. कोपरांखाली पोतं आणि पोत्याखाली बोटभर पाणी.

"काय गावला गो बाय? सोन्याचा नाणा?"

मी मान वळवली. डोक्यावर इरलं, हातात काठी, मागे दोन म्हशी. सड्याखालच्या घाडीवाडीतली अनशीकाकी. मी तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि पावसाळ्यात सड्यांवर भटकते, एवढं तिला ठाऊक होतं. आधी दोनदा तिच्याकडे चहा झाला होता.

"फूल सापडलं, काकी. नवीन आहे. कुणी पाहिलेलं नाही असं."

"मी बघलंय मां. जल्मापासून बघतंय." ती वाकली. "खंय आसा?"

तिला ते दिसेना. नजर अधू झाली होती. तेव्हा माझ्याजवळ कॉलेजचा कॅमेरा होता, त्याच्याबरोबर आलेली साधी लेन्स आणि तिच्या तोंडावर बसवायला कुणाकडून तरी मागून आणलेलं जवळचं दाखवणारं भिंग. मी फोटो काढला आणि कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्यावर तिला दाखवला. तिनं कॅमेरा दोन्ही हातांनी डोळ्यांपाशी नेला.

"अगो बाय!" ती म्हणाली. "ह्या तर माज्या आवशीच्या कुड्येसारख्या दिसता. वयसून मोती, खालसून पोवळा." आणि जरा वेळानं, "ह्यो फोटो माका दी."

"तुम्हाला?"

तिनं काठी टेकली, इरलं बाजूला ठेवलं आणि सांगितलं. सडा सामाईक होता. सात हिस्सेदार. सहा जणांना तो चिरेखाणीसाठी द्यायचा होता. यंत्र लावायचं, जांभ्याचे चिरे कापायचे, वीसेक फूट खाली जायचं. सातवी ती. तिचा अंगठा राहिला होता. मधले दीर, ज्यांना ती भावजी म्हणे, दर चतुर्थीला मुंबईहून यायचे आणि विषय काढायचे.

"भावजी म्हणतत, वयनी, कातळार काय पिकता? मी काय सांगू? म्हशी चरतत म्हटला की हसतत. माज्या बोलण्याक कोण ईचारता? दाखवक कायतरी होया मगे. चतुर्थेक माटवीखाली लावतंय ह्यो फोटो. आरतेक चाळीस माणूस येता. बघूंदेत, कातळार काय येता ता."

तिकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली फळं, फुलं, फांद्या बांधतात. हरणाची फुलं, कांगलाचे घोस, कवंडळाची फळं, आंब्याचे टाळ. ती माटवी. रानात जे म्हणून त्या वर्षी आलं ते देवाच्या डोक्यावर दिसतं. चार मिलिमीटरचं फूल तिथे बांधून कुणाला दिसणार? म्हणून फोटो.

चतुर्थीला सहा दिवस होते. मी पडद्यावर फोटो मोठा करून पाहिला. फूल होतं, देठ होता, मागे ओला काळा कातळ होता. केसांच्या जागी पिवळट फराटा होता.

"हा नको, काकी. यात केस दिसत नाहीत."

"खंयचे केस?"

"फुलाचे."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग म्हशींकडे. "म्हशीचे केस दिसतत कोणाक? फुलाचे कोण बघता!"

"चांगला काढून देते. पुढच्या वर्षी. मोठा, फ्रेम करून."

"बरा," ती म्हणाली. "ह्या वर्साक पण ढकलतंय कसातरी. भावज्येंका सांगतंय, माका बरा नाय. पुढच्या चतुर्थेक मातर दी."

याला आता सोळा वर्षं झाली.

*

त्या वर्षी मी आसपासचे अकरा सडे पाहिले. फूल दुसरीकडे कुठेच नव्हतं. दोन रोपं दाबून वाळवली, वर्णन लिहिलं, मोजमापं लिहिली. शोधनिबंध तयार होता. त्यात फोटोची जागा रिकामी ठेवली.

पगारातला फरक मिळाला तेव्हा मी बारीक वस्तू जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स मागवली. तिच्याबद्दल इंटरनेटवर वाचायचं ते सगळं मी आधीच वाचलं होतं. ज्यांना मी कधी भेटणार नव्हते अशा देशोदेशींच्या लोकांची मतं मला पाठ होती. कुणाची लेन्स कडेला किती मऊ, म्हणजे अस्पष्ट, पडते, कुणाच्या लेन्सचा आवाज येतो. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा शेजारी ठेवून मी तासन्‌तास दोन लेन्सांनी काढलेल्या एकाच माशीच्या डोळ्यांची तुलना करत बसे.

लेन्स आली त्या दिवशी मी हात दोनदा धुतले आणि मग खोकं उघडलं. फोकसची रिंग फिरवली. थिजत आलेल्या तुपातून बोट फिरावं तशी ती फिरली. मी ती नुसतीच फिरवत राहिले.

रमाकांत, माझे यजमान, हायस्कूलात गणित शिकवत. दारात उभे राहून ते म्हणाले, "फूल किती मोठं म्हणालीस?"

"चार मिलिमीटर."

"आणि ही?"

मी रिंग पुन्हा फिरवली.

"दृष्ट काढू का तिची?" ते म्हणाले आणि चहा टाकायला गेले.

दुसऱ्या वर्षी चतुर्थीच्या आधी मी सड्यावर पाच सकाळी गेले. वस्तूच्या जितकं जवळ जावं तितकी स्पष्टतेची पट्टी अरुंद होत जाते. अगदी जवळ गेलं की ती कागदाच्या जाडीइतकी उरते. पहिले पाच केस स्पष्ट आले की उरलेले सहा विरघळत. सहा आले की पाच जात. लेन्सचं तोंड फुलापासून चार बोटांवर, त्यामुळे तिचीच सावली फुलावर. सावली घालवायला लेन्सभोवती बसणारा गोल फ्लॅश हवा. कॅमेरा केसभर पुढेमागे सरकवायला पट्टी हवी. पट्टी बसवायला जड ट्रायपॉड हवा, कारण माझा हलका वाऱ्यानं थरथरत होता. हे सगळं मी तिथेच, पोत्यावर पडल्या पडल्या, वहीत लिहून काढलं. ती यादी लिहिताना मला बरं वाटत होतं, हेही मला आठवतं. फुलाची नोंद त्या पानावर नाही.

हरतालिकेच्या दिवशी मी काकीकडे रिकाम्या हातानं गेले. माटवी बांधून झाली होती. काकी पाटावर बसून दोरीची टोकं कापत होती.

"आणलंस?"

"यंदा वारा फार होता, काकी."

"वारो पुढच्या वर्साक रजेर जातलो काय?"

"तसं नाही. मी सामान मागवतेय. एक फ्लॅश, एक पट्टी…"

"त्या फुलाक येवढा सगळा लागता?" ती हसली, पण दोरी कापायची थांबली. "बघ, थंय खाली जागा ठेवलंय. समयेच्या बाजूक. भावजी उद्या येतत. मी तेंका म्हटलंय, कॉलेजातली मॅडम फोटो आणतली."

"काकी, आणखी एक दिवस मिळाला असता तर…"

"ता पयल्या वर्साचा होता मां तुज्याकडे? ताच दी."

"ते चांगलं नाही हो. तुम्ही चाळीस माणसांना दाखवणार. माझं नाव…"

तिनं खोबऱ्याची वाटी माझ्यापुढे सरकवली. "खा. उपास आसा काय तुजो?"

त्या वर्षी तिनं भावजींना काय सांगून थोपवलं ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. फ्लॅश दिवाळीत आला, पट्टी नाताळात. ट्रायपॉड आल्यावर रमाकांतनी कपाटातला त्यांच्या पुस्तकांचा कप्पा मोकळा करून दिला. त्यात मी ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवल्या आणि दर रविवारी त्या बदलू लागले. कपाट उघडून सगळं एका रांगेत बघत उभी राहायची मला सवय लागली. पहिल्या वर्षीचा फोटो संगणकात होता. तो मी उघडत नसे.

*

तिसऱ्या वर्षी मी मोठी लेन्स मागवली. लांबून काढता येणारी, म्हणजे सावली पडणार नाही, आणि हात हलला तरी सावरून घेणारी. ती श्रावण संपता संपता आली. चतुर्थीला नऊ दिवस होते आणि सड्यावर फुलं सुरू झाली होती.

लेन्स थेट सड्यावर न्यायची नाही, आधी तपासायची, हे मी त्या देशोदेशींच्या लोकांकडून शिकले होते. त्यांची रीत अशी की भिंतीवर वर्तमानपत्र ताणून चिकटवायचं, कॅमेरा बरोबर समोर, सरळ रेषेत लावायचा, आणि लहान अक्षरांच्या जाहिराती चारही कोपऱ्यांत सारख्या वाचता येतात का ते पाहायचं. मी पातळी दाखवणारी पाण्याची नळी लावून कॅमेरा समपातळीत आणला. वधूवर पाहिजेत हे पान घेतलं, कारण त्यावरची अक्षरं सगळ्यांत बारीक. दोन दिवस मी तेच केलं. डाव्या खालच्या कोपऱ्यात 'सुस्वरूप' वाचता येत होतं, पण कडा रेखीव नव्हत्या.

"या, बघा," मी रमाकांतना बोलावलं. "हा कोपरा आणि हा कोपरा."

ते चष्मा वर करून पडद्यापाशी वाकले. "मला दोन्हीकडची मुलगी पसंत आहे."

"थट्टा नको. डावीकडे मऊ आहे."

"फूल कुठे येणार फोटोत?"

"मध्ये."

"मध्ये बरी आहे?"

"मध्ये उत्तम आहे."

"मग फूल काय कोपऱ्यात जाऊन बसणार आहे?"

"सदोष आहे ती," मी म्हटलं. "सदोष वस्तू का ठेवून घ्यायची?"

ते सरळ झाले. त्यांचा आवाज मऊच होता. "घाडीवाडीच्या त्या काकींना फोटो द्यायचाय ना तुला? जुनी लेन्स आहे. आज सकाळी ऊन आहे, वारा नाही. मी स्कूटर काढतो, चल."

"जुनीनं काढला तर परत काढावा लागेल."

"तर परत काढ."

मी पुठ्ठा कापून लेन्स गुंडाळली आणि मुंबईच्या दुकानाला परत पाठवली. बदलून यायला दहा-बारा दिवस लागतील असं त्यांनी सांगितलं. त्या दिवसांत मी सड्यावर गेले नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी फोन आला. काकीला फोन कुणीतरी लावून दिला असावा, कारण ती ओरडून बोलत होती.

"बाय, मी अनशीकाकी. फोटो आणतंस मगे?"

"काकी, लेन्स बदलायला पाठवलीय. आली की लगेच."

"काय पाठवलंस?"

"कॅमेऱ्याची लेन्स. भिंग. खराब निघाली."

"कधी येतली?"

"चार-सहा दिवसांत."

पलीकडे भांड्यांचा आणि मुलांचा आवाज येत होता. कुणीतरी आरत्यांचं पुस्तक मागत होतं.

"गणपती आमचो सात दिसांचो आसा," काकी म्हणाली. "तवसर ये. जागा ठेवलंय."

"येते. नक्की येते."

"नक्की मां?"

"नक्की."

लेन्स चतुर्थीपासून आठव्या दिवशी आली, गणपती गेल्यावर. मी वर्तमानपत्र परत चिकटवलं. चारही कोपरे सारखे होते.

*

नवव्या दिवशी सकाळी मी सड्यावर होते. फुलं सरत आली होती, तरी पाण्याच्या कडेला तीस-पस्तीस रोपं होती. वारा अजिबात नव्हता. ट्रायपॉड कातळाच्या भेगेत घट्ट बसला. पट्टी केसभर पुढे, केसभर मागे. फ्लॅश उडाला. तेविसाव्या फोटोत मी केस मोजले. अकरा. प्रत्येकाच्या टोकाला गोल गाठ होती, तीही दिसत होती. ती गाठ तर मला भिंगातूनही दिसली नव्हती. मी पोत्यावर उठून बसले आणि एकटीच मोठ्यानं हसले. एवढा निर्भेळ आनंद मला त्याआधी कधी झाला होता ते आठवत नाही.

लॅपटॉप बरोबर होता. फोटो त्यात घेतला आणि तशीच ओल्या कपड्यांनी घाडीवाडीत उतरले.

अंगणात कुणी नव्हतं. ओटीवर सतरंज्यांच्या घड्या रचून ठेवलेल्या. मुंबईकरांच्या चपलांचा ढीग असायचा तिथे एकच जोड होता. आत, गणपतीच्या रिकाम्या पाटापाशी, काकी माटवी खाली उतरवून बसली होती आणि सुकलेली कांगलं एकेक करून सोडवत होती.

"काकी, आणलाय!"

"कोण? बाय काय?" तिनं डोळे बारीक केले. "भिजलंस किती. पंचो घे थंयसून."

"आधी हे बघा."

मी लॅपटॉप पाटावर ठेवून उघडला. फूल पडदाभर उभं राहिलं. काकीनं हात लुगड्याला पुसले, सरकून जवळ आली आणि बराच वेळ पाहत राहिली.

"मोठा दिसता," ती म्हणाली.

"हे केस बघा. हा एक, हे दोन, तीन…"

तिनं माझ्या बोटामागून तिचं बोट नेलं. अकराव्यापर्यंत नेलं. मग बोट काढून घेतलं.

"त्या पयल्या वर्साक तू कॅमेऱ्यात दाखवलंस, ता ह्याच मां?"

"हो. हेच."

"माका तेव्हा पण असाच दिसला होता."

"त्यात हे केस नव्हते, काकी."

ती पुन्हा कांगलं सोडवायला लागली. दोरी भिजून घट्ट बसली होती. नखानं ती गाठ उकरत होती.

"चतुर्थेक आरती झाली," ती म्हणाली. "भावजी सगळ्यांसमोर म्हणाले, वयनी, तुजा फूल खंय? मी म्हटलंय, येतला. तिसऱ्या दिसाक परत ईचारल्यानी. मी म्हटलंय, येतला, भिंग मोडला हा. पोरां हसाक लागली. काकीचा फूल एसटीन येता, म्हणाली. पाचव्या दिसाक तर बारको नातू समयेच्या बाजूक जावन बसलो. म्हणता, आजये, जागा रिकामी कित्याक, मी बसतंय फूल होवन."

ती हे सांगताना हसली. मीही हसण्याचा प्रयत्न केला.

"सातव्या दिसाक गाऱ्हाणा घातल्यानी. भावज्येंनीच घातला. देवा म्हाराजा, ह्या घरात सगळ्यांका एक बुद्धी दी, आडयेलला काम मार्गी लाव. सगळ्यांनी 'होय म्हाराजा' म्हटल्यानी."

"आणि तुम्ही?"

"मी पण म्हटलंय. देवासमोर गप ऱ्हवाक येता?"

"काकी, मी आज संध्याकाळपर्यंत मोठा करून आणते. मुंबईला भावजींकडे मी स्वतः घेऊन जाते. हे फूल जगात दुसरीकडे कुठे नाही. ह्याच सड्यावर आहे. मी सगळे सडे पाहिलेत. मी त्यांना समजावून सांगते, कागदावर लिहून देते…"

"ता तुका कधीपासून म्हायत आसा?"

"काय?"

"खंयच नाय, ह्याच कातळार आसा, ता."

"पहिल्या वर्षापासून," मी म्हटलं.

काकीनं मान हलवली. गाठ सुटली होती. तिनं कांगलाचा घोस बाजूला ठेवला, दोरीचं वेटोळं केलं आणि ते मांडीखाली सरकवलं. मग पडद्याकडे न बघता लॅपटॉप हळूच माझ्याकडे सरकवला.

"सोमवारी भावजी कागद घेवन येतत," ती म्हणाली. "मी आंगठो देतंय. कातळ जावंदे."